फितीवरचा चेहरा

थोरल्या भावाने फोटो छापायचे ते हातात मावणारे यंत्र घरी आणले ते बोलीवर: सात दिवस वापरायचे, मनास आले नाही तर परत. सोबत दहा कागद. थोरल्याला प्रत्येक गोष्टीला गुण देण्याची खोड. बायकोच्या आमटीलाही तो दहापैकी साडेसहा देऊन मोकळा होई. गुणांची वही मात्र धाकट्याने लिहायची. धाकटा अबोल, म्हणून घरात त्याला मुकाच म्हणत.

यंत्राची तऱ्हा न्यारी होती. रंगाची एक फीत आत सरकत राही आणि कागद चार वेळा आतबाहेर करी: आधी पिवळा, मग गुलाबी, मग निळा, शेवटी झिलई. तिसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मुक्याने एक कागद स्वतःसाठी वापरला. छापली ती वहिनीची धाकटी बहीण, चौकटीबाहेरच्या कुणाकडे तरी पाहून हसणारी. पुढच्या महिन्यात तिचे लग्न होते. मुक्याचे मागणे एवढेच, की तिला हे कधी कळू नये. कळले तर या घरातले तिचे मोकळे येणे-जाणे संपेल. त्याने फोटो शब्दकोशात दडवला आणि निर्धास्त झाला.

सातव्या दिवशी तीही आली होती. थोरल्याने फोटो मोजले.

"नऊच? दहावा कुठाय रे?"

"अडकला. फाटला," मुका म्हणाला.

"मग गुण कापायला हवेत. कुठल्या रंगावर अडकला, बघू." थोरल्याने फितीची पेटी उघडली आणि फीत सर्रकन ओढून खिडकीच्या उजेडात धरली.

छापलेल्या प्रत्येक फोटोची सावली त्या फितीवर उरते, हे मुक्याला ठाऊक नव्हते. मांजर गेले, कुंडी गेली, थोरल्याचे टक्कल गेले; आणि मग ती आली. निगेटिव्हसारखी उलटी: केस पांढरे, दात काळे. आधी पिवळी, मग गुलाबी, मग निळी.

"अगं बाई, ही तर आमची चिमणी!" वहिनीने तोंडाला पदर लावला. "भाऊजी, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात!"

"लेका, तुझा फाटलेला कागद तीन-तीन रंगांत हसतोय की रे!"

चिमणी तेवढी हसली नाही. बुडत्याने काडी धरावी तसे मुक्याने तिचे ते न हसणे धरून ठेवले.

"आणा तो फोटो," ती म्हणाली.

त्याने आणून दिला. तिने तो नळाखाली धरला आणि स्वतःच्याच चेहऱ्यावर नखाने खसाखसा घासू लागली. भांड्याची खरवड काढावी, तशी.

"निघत नाही हो, जिजाजी."

"पाण्यात टिकतो? दहापैकी दहा! लिही रे."

मुक्याने लिहिले. तिने फोटो केराच्या डब्यात टाकला, हात पुसले आणि आजवर ज्याला तिने कसलीच हाक मारली नव्हती, त्याच्याकडे वळून गोड आवाजात म्हणाली, "लग्नाला नक्की यायचं हं, दादा."

थोरल्याने फीत गुंडाळली. "ठेवूनच घेऊ या हे यंत्र. लग्नाचे फोटो घरीच छापू. मुक्या, ते काम तुझं."

मुक्याने होकारार्थी मान हलवली.