तीनशेच्या वरचा आकडा

मी लाँड्रीत काम करते. गिऱ्हाइकाच्या शर्टावरचा डाग कशाचा आहे हे मी हातभर लांबून ओळखते, आणि गिऱ्हाईक थाप मारत असेल तर तीही ओळखते. म्हणून त्या दिवसाबद्दल सांगताना मला अजून शरम वाटते.

माझी मुलगी सात वर्षांची. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. घरी ती पिपाणी, कारण झोप सोडली तर तिचं तोंड बंद नसतं. पाचव्या वर्षी तिला डायबेटीस निघाला, शरीर इन्सुलिन बनवायचंच सोडून देतं तो. तेव्हापासून दिवसाला चार इंजेक्शनं आणि सहा-सात वेळा बोट टोचणं. “लहानपणी गोड फार दिलं असेल,” असं मला ऐकवणाऱ्या एका बाईचा कोट मी मुद्दाम तीन दिवस उशिरा दिला होता.

तिचा बाबा बंदरावर क्रेन चालवतो. बसने सात तास. महिन्यातून एकदा, शनिवारी रात्री येतो आणि रविवारी संध्याकाळी जातो. मधे रजा हवी तर सुपरवायझरला कारण लागतं, आणि घरची आठवण येते हे कारण अर्जात चालत नाही. गेल्या वर्षी तो दोनदा मधेच आला. दोन्ही वेळा पिपाणी तापाने फणफणली होती आणि रक्तातली साखर मोजायच्या मशीनवरचा आकडा तीनशेच्या वर गेला होता. आकडा उतरल्यावरही तो तीन दिवस राहिला. तिला खांद्यावर घेऊन बाजारभर हिंडला, माझी पाणचट कॉफी कुरकुर न करता प्यायला. ते दिवस संपू नयेत असं मला वाटायचं. पोरीच्या आजारपणात असं वाटणं बरं नव्हे, पण वाटायचं.

शाळा सुटली की पिपाणी थेट लाँड्रीत येते. हँगरच्या रांगेमागे उलट्या टोपलीवर बसते. चार वाजता बोट टोचायचं, आकडा वहीत लिहायचा, त्याप्रमाणे इंजेक्शन, मग डब्यातली मोजून दिलेली द्राक्षं. टोचायचं ती स्वतःच करते, आणि त्याचा तोरा काय विचारता.

त्या दिवशी हॉटेलच्या चादरींचा ढीग पडला होता. मी मोठ्या प्रेसवर होते, वाफेने डोळे चुरचुरत होते.

“हात धुतलेस का गं?” मी तिथूनच ओरडले.

“हो!”

ती मशीन घेऊन आली. तीनशे चौसष्ट.

असा आकडा दिसला की पुन्हा हात धुवायचे, दुसरं बोट टोचायचं आणि खात्री करूनच इंजेक्शन द्यायचं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी हे आम्हा दोघींकडून पाढ्यासारखं म्हणून घेतलं होतं. मी मात्र आधी तिच्या बाबाला फोन लावला.

“तीनशे चौसष्ट,” मी म्हटलं.

“निघतो,” तो म्हणाला. बस, एवढंच.

मग मी मागच्या फ्रिजमधून इन्सुलिनचं पेन काढलं आणि तिच्या दंडात तीन युनिट जास्तीचे दिले. द्राक्षं आज नकोत म्हटलं. प्रेसकडे परतताना काचेत पाहून केस सारखे केले, आणि घरी कुठली चादर घालावी याचा विचारही करून झाला. खोटं कशाला सांगू, मी खूश होते.

पाऊणएक तासाने इस्त्रीवाले काका म्हणाले, “आज पिपाणी वाजत नाही ती?”

माझ्या हातातली चादर तिथेच पडली. ती टोपलीवरून घसरून चादरींच्या ढिगाला टेकली होती. कपाळ घामाने निथळत होतं, ओठ पांढरे. “आई, मला झोप...” ती म्हणाली, तेही जड जिभेने. मी तिचा डावा हात ओल्या फडक्याने पुसला, कोरडा केला आणि करंगळी टोचली. शेहेचाळीस.

काकांनी साखरेचं पाणी करून आणलं. मी तिला उठवून बसवलं, घोट घोट पाजलं. “गीळ गं राणी, गीळ.” डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले पंधरा मिनिटांनी परत बघा, गिळेनाशी झाली तर उचलून आणा. ती पंधरा मिनिटं माझा जीव टांगणीला लागला होता. एकाहत्तर आले. मग बिस्किटं. मग एकशे दोन. तिच्या गालांवर रंग आला तेव्हा कुठे मी जमिनीवर बसले.

तीनशे चौसष्टवरून शेहेचाळीस, तासाभरात, जास्तीच्या तीन युनिटांत? मी तिचा उजवा हात ओढून घेतला. तर्जनी चिकट होती, नखात द्राक्षाचं साल.

“हे काय आहे?”

ती रडायला लागली. “नर्सताई म्हणाल्या होत्या ना, बोटाला फळ लागलं असलं की मशीन चुकतं, जास्त दाखवतं.” हुंदके देत तिने पुढचं सांगितलं. “तीनशेच्या वर गेलं की बाबा येतो.”

माझा हात उगारला गेला होता. तो तसाच खाली आला. मारायचं तर कुणाला? तिला इंजेक्शनाचं कळत नव्हतं, ती सात वर्षांची आहे. मला सगळं कळत होतं. दुसरं बोट टोचायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते मी टोचलं नाही, कारण तो आकडा मलाही हवा होता. पोरीने थाप मारली आणि मी आनंदाने ती खाल्ली.

“बाबाला सांगू नकोस,” ती म्हणाली.

“सांगणार. आणि माझंही सांगणार.”

मी फोन लावला तेव्हा तो तिकडच्या बसस्टँडवर पोहोचला होता. मी काहीही न लपवता सांगितलं, द्राक्षापासून माझ्या केसांपर्यंत. मग त्याने विचारलं, “आता किती आहे?”

“एकशे अठरा. आज दर तासाला बघणार आहे.”

“म्हणजे ठीक आहे.” त्याचा आवाज सैल झाला. “मग मी मागे फिरू का? बस सुटायला वेळ आहे. शिफ्ट मिळेल अजून.”

दोन वर्षं मी अशा प्रश्नाला ‘हो, फिर, मी बघते’ म्हणत आले होते. पिपाणी माझ्या मांडीवर डोकं ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होती.

“नको,” मी म्हटलं. “ये. एकदा तरी ठीक असताना ये.”

पलीकडे त्याने कुणाला तरी तिकिटाचं विचारलं.

“सुपरवायझरला काय सांगू?”

“सांग, मुलगी बरी आहे.”