हरकतदार क्रमांक एक्केचाळीस

सुखनिवास कॉलनीला वाहतुकीची काळजी लागली ती कोपऱ्यावर बोर्ड लागल्यापासून. त्याआधी वीस वर्षं वाहतूक नावाची गोष्ट तिथं कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. यवतमाळच्या दारव्हा रोडवरून आत वळलं की दोन्ही बाजूंना बंगले, बंगल्यांपुढे गाड्या, गाड्यांपुढे कुंड्या, आणि मधून जी काही वाट उरेल तिला रस्ता म्हणायची पद्धत होती. समोरून शाळेची व्हॅन आली की कुणीतरी कुरकुरत गाडी मागं घ्यायचं. कुणाचं काही अडत नव्हतं. मग कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत पाच मजल्यांचा, चाळीस फ्लॅटचा बोर्ड लागला आणि अख्ख्या कॉलनीचा जीव एकाएकी गुदमरायला लागला.

मैत्रेयीचाही जीव त्याच बोर्डात अडकला होता, पण उलट्या कारणानं. ती सरकारी दवाखान्यात रक्त तपासायची. नवरा अश्वजित पांढरकवड्याला वनखात्यात, तो शनिवारी यायचा. कॉलनीच्या टोकाला, नागपुरात राहणाऱ्या एका मालकाच्या बंगल्यावरच्या दोन खोल्यांत ती सासूला, मथुराबाईला घेऊन भाड्यानं राहत होती. बावीस पायऱ्या होत्या. मथुराबाईचे गुडघे गेलेले, त्यामुळे ती दवाखान्यापुरतीच खाली उतरायची, तेही बसून बसून. या खोल्या मिळण्याआधी मैत्रेयीनं अकरा घरं विचारली होती. खोली रिकामी असायची, पण आडनाव सांगितलं की ती नुकतीच, अगदी त्याच सकाळी गेलेली असायची. बिल्डरच्या ऑफिसात मात्र आडनाव फक्त फॉर्मवर लिहायला विचारलं. इमारतीला लिफ्ट होती. मैत्रेयीनं फ्लॅट बुक केला आणि कॉलनीत अवाक्षर काढलं नाही.

आता अडत होतं ते नगर परिषदेच्या मंजुरीपाशी. मूळ लेआउटमध्ये ती जागा बैठ्या घरांसाठी होती. बदल करायचा तर लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, तशा त्या मागवल्या गेल्या. आणि हरकत म्हटल्यावर नानाजी भोयर यांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. नानाजी कॉलनी समितीचे अध्यक्ष. सरकारी नोकरीतून ते निवृत्त झाले होते, फायलींतून नव्हते. बंगल्याला लोखंडी जाळी ठोकून त्यांनी रस्त्यावरच गुलाब लावले होते, मुलाच्या मोठ्या गाडीसाठी टिनाचं शेड काढलं होतं, आणि शेडच्या सावलीत झोपाळा टांगला होता. त्या झोपाळ्यावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला रस्ता किती अरुंद आहे ते सांगायचे.

"चाळीस फ्लॅट म्हंजे ऐंशी गाड्या," ते म्हणायचे. "अन् कोण राह्यले येईल, कोण नाई, काही सांगता येते का?"

दुसरं वाक्य पहिल्याला कायम चिकटून यायचं, हे मैत्रेयीनं पहिल्या दिवशीच ऐकलं होतं. ऐंशी गाड्यांचा धाक तिला पटत नव्हता, पण त्या दुसऱ्या वाक्याची ओळख तिला अकरा घरांपासून होती.

संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी नानाजींच्या बायकोनं, मैनाकाकूंनी, तिला खालूनच हाक मारली. "हळदीकुंकवाले ये वो संध्याकाळी. सर्वायले बोलावलं हाय."

चार वर्षांत हे पहिलं बोलावणं. मैत्रेयीला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला. "जाऊ का?" तिनं सासूला विचारलं.

"बोलावलं तं जाय," मथुराबाई म्हणाली. "पण आतापर्यंत काहून नाई बोलावलं, ते इचारू नको. आपोआप समजते."

भोयरांच्या हॉलमध्ये तिळगूळ होता, सुगंधी पाणी होतं आणि भावाच्या चिठ्ठ्या काढून टाकलेले स्टीलचे डबे ओळीनं मांडले होते. मैनाकाकू करंडा घेऊन एकेकीपुढं जात होत्या. मैत्रेयीपुढं आल्या आणि हात हवेतच थांबला. "तुमच्यात चालते का हे?" त्यांनी विचारलं. बाकीच्या बायका डब्यांची झाकणं बघायला लागल्या. मैत्रेयीनं काही म्हणायच्या आत काकू पुढच्या कपाळाकडं सरकल्याही होत्या. डबा मात्र तिला मिळाला, आणि डब्यासोबत एक वही पुढं आली. नाव, पत्ता, सही.

"वाणाची सही?" तिनं विचारलं.

"यायचं सारं सरकारी काम," काकू बाहेर झोपाळ्याकडं मान करून हसल्या. "डबे किती गेले ते लिहून ठेवा म्हणते."

तिनं सही केली.

पंधरवड्यानं नगर परिषदेचा शिपाई बावीस पायऱ्या चढून आला आणि तिच्या हातात नोटीस ठेवून गेला. कोपऱ्यावरच्या इमारतीस आपण घेतलेल्या हरकतीवर सुनावणी आहे, हरकतदार क्रमांक एक्केचाळीस, उपस्थित राहावं. मैत्रेयीनं ती तीनदा वाचली. स्वतःच्या घराविरुद्ध तिनंच तक्रार केली होती. ती तशीच चपला घालून भोयरांकडं गेली.

"काकू, मी हरकत कधी घेतली?"

मैनाकाकू गडबडल्या नाहीत. असल्या गोष्टीत गडबडायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. "अवं, शंभर सह्या पाह्यजे होत्या. कॉलनीत घरं चौतीस. मंग वहीची पानं अर्जाले लावली. सर्वायच्याच भल्याचं हाय ते. अन् सही तं तुयीच हाय न?"

"हो," मैत्रेयी म्हणाली. "सही माझीच हाय."

घरी येऊन ती रडली, हे खरं. चार वर्षांत एकदा दार उघडलं होतं ते सहीपुरतं, आणि आपण नवी साडी नेसून गेलो होतो, याची तिला शरम वाटली. मग तिनं तोंड धुतलं आणि नोटीस चौथ्यांदा वाचली. फ्लॅट बुक केलेल्यांना सुनावणीत बोलता येणार नव्हतं. बोलायचा हक्क फक्त हरकतदारांना होता.

शनिवारी अश्वजित आला तो जंगलात मोजणीला वापरतात ती लांब फीत घेऊन. रविवारी सकाळी तिनं एक टोक त्याच्या हातात दिलं आणि कॉलनीचा रस्ता घरागणिक मोजायला घेतला. भोयरांच्या गेटपाशी दोघं आले तेवढ्यात अश्वजितला फोन आला आणि तो बाजूला गेला.

"काय मोजून राह्यली वो?" नानाजींनी झोपाळ्यावरून विचारलं.

"रस्ता, काका. हरकतीसाठी."

नानाजींना गहिवरून आलं. भाडेकरू बाई, पण केवढी कळकळ. ते झोपाळ्यावरून उतरले, फितीचं दुसरं टोक घेऊन आपल्याच जाळीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "लिही बरोबर. किती अरुंद हाय ते समजू दे त्यायले."

सुनावणीला कॉलनीतून सात-आठ जण आले. नानाजी अर्धा तास बोलले. बाकीच्यांनी "भोयर साहेब म्हणते तेच आमचं" म्हणून सांगितलं. अधिकाऱ्यानं क्रमांक एक्केचाळीस पुकारला तेव्हा नानाजी म्हणाले, "तिले कायले बोलावता, सही तं हाय."

"सही आहे म्हणूनच बोलावलंय," अधिकारी म्हणाला.

मैत्रेयी उठली. दवाखान्यात रिपोर्ट वाचतात तशा आवाजात तिनं वाचलं. "माझी हरकत वाहतुकीचीच आहे. लेआउटच्या नकाशात रस्ता नऊ मीटर आहे. कोपऱ्यावर, जिथं इमारत व्हायची तिथं, तो नऊ मीटरच भरतो. पुढं तो सात होतो, मग सहा. भोयर काकांच्या गेटपाशी तो चार मीटर वीस सेंटिमीटर आहे. बाकीचा रस्ता शोधून द्यावा, अशी माझी विनंती आहे."

अधिकाऱ्यानं तिच्याकडून कागद मागून घेतला आणि आकडे पुन्हा वाचले.

"हे मोजलं कुणी?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"मी. तिथं दुसरं टोक भोयर काकांनीच धरलं होतं."

अधिकाऱ्यानं नानाजींकडं पाहिलं. नानाजी रुमाल शोधत होते.

आठवड्यानं नगर परिषदेची माणसं आली आणि पांढरी फक्की टाकून गेली. रेघ गुलाबांमधून निघाली, शेडच्या आत शिरली आणि झोपाळ्याच्या बरोबर खालून गेली. पत्र आलं की अतिक्रमण पंधरा दिवसांत काढा. रस्ता नऊ मीटर मोकळा झाला की वाहतुकीची हरकत शिल्लक राहत नाही, इमारतीचा विचार मग करू. कॉलनीला वाहतुकीचा तिटकारा आला. पण नानाजींना नियम तोंडपाठ होते. एक्केचाळीस नंबरची हरकत मागं घेतली तर मोजणीचा विषयच संपतो, आणि बाकीच्या हरकती उभ्याच राहतात, असा त्यांचा हिशेब होता.

म्हणून मैनाकाकू पहिल्यांदाच त्या बावीस पायऱ्या चढून वर आल्या. रथसप्तमी कधीच होऊन गेली होती, तरी हातात करंडा होता आणि या खेपेला डब्याच्या जागी चांगलं जाड बुडाचं पातेलं होतं. धाप लागली होती, पण या वेळी हात हवेत थांबला नाही. कुणी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी मैत्रेयीच्या कपाळाला कुंकू टेकवलंसुद्धा. मग पदराआडून कागद काढला.

"एवढी सही कर, बाई."

मैत्रेयीनं कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मथुराबाई खाटेवरून बघत होती.

"सही माझीच हाय, तुमीच म्हणाल्या होत्या न, काकू," मैत्रेयी म्हणाली. "मंग आता मागं कशी घेऊ?"

काकूंचा आवाज एकदम मऊ झाला. "असं काय करतं वो? शेजारी शेजारी राहतो आपण. जन्मभर तोंड पाहा लागते एकमेकाचं."

"पाहा लागनच," मैत्रेयी म्हणाली. "कोपऱ्यावरच्या बिल्डिंगीत फ्लॅट घेतला आमी. पहिल्या माळ्यावर. खिडकीतून तुमचं गेट दिसते."

काकूंनी तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडं पाहिलं. पातेलं उचललं, कागद उचलला आणि दाराकडं वळल्या.

"जपून उतरा," मथुराबाई म्हणाली. "पायऱ्या लई हायेत."