रिकामी हाक

"अहो, वाढलंय हो!"

हाक तोंडातून निघून गेली आणि मग तिला आठवलं. डाव पातेल्यावर तसाच थबकला. नवऱ्याला पोचवायला आलेली माणसं कालच आपापल्या घरी परतली होती. घरात उरली होती ती, तिची लेक, आणि सवयीनं मांडलेलं एक जास्तीचं ताट.

"आलो, आलो. काटा स्थिर होऊ दे."

आवाज पलीकडच्या खोलीतून आला. त्याचाच. जरा घोगरा, शेवटाला हसू दाबलेला. मागोमाग बेसिनचा नळ सुरू झाला, बंद झाला.

लेकीच्या हातातून पेला सुटला.

दारात पाहुणा उभा होता. त्याचे हात ओले होते.

पाहुणा म्हणजे घरकामाचं यंत्र. बाबांचे गुडघे बोलायला लागले तेव्हा लेकीनंच आणून दिलेलं. पहिल्या दिवशी ते उंबऱ्याबाहेर अवघडून उभं राहिलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "अहो पाहुणे, आत या की! आमच्याकडे लाजणाऱ्याला उपाशी झोपावं लागतं." नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि 'ते'चं 'तो' कधी झालं, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"आई, बंद कर ते. आत्ताच्या आत्ता!"

"त्याचं काय चुकलं गं? आपणच शिकवलंय."

खरंच होतं. नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा. दुकानं फिरून यायला त्याला उशीर व्हायचा, आणि लहानगी लेक बाबांवाचून घासाला तोंड लावायची नाही. मग आईच आवाज जाड करून पलीकडच्या खोलीतून ओरडायची, "आलो, आलो. काटा स्थिर होऊ दे." पोर खुदकन हसायची आणि जेवायची. पुढे तो घरचा नेमच होऊन बसला. जेवणाच्या वेळी जो घरात नाही, त्याच्या वतीनं दुसऱ्यानं त्याच्याच आवाजात ओ द्यायची. घरची हाक रिकामी जाऊ द्यायची नाही. पाहुणा हे सगळं बघत राहिला. एकदा हिला बस डेपोतल्या कामावरून यायला उशीर झाला, तेव्हा त्यानं हुबेहूब हिच्या आवाजात ओ दिली. नवरा हसून हसून खुर्चीतून घसरला होता. "शिकला की लेकाचा! आता हा घरचा झाला."

लेकीला यातलं काही ऐकायचं नव्हतं. निघताना ती म्हणाली, "त्याला काय कळतंय, आई? नुसती नक्कल आहे ती. पुढच्या खेपेला मी त्याला घेऊन जाणार. तोवर सांभाळ स्वतःला."

लेक गेली. संध्याकाळ झाली. तिनं पदराच्या टोकाशी चाळा केला, दाराकडे पाहिलं, आणि मुद्दाम हाक मारली.

"अहो, वाढलंय हो!"

"आलो, आलो. काटा स्थिर होऊ दे."

मग रोजच. डेपोतल्या बसच्या सीटांना कव्हरं शिवायचं तिचं काम. तिकडे जाणं तिनं सोडून दिलं. दिवसभर ती संध्याकाळची वाट बघायची. हाक मारायची, डोळे मिटायची. नळ वाजायचा, खुर्ची सरकायची. त्याच्या काट्यांच्या तेलाचा वासही यायचा, कारण पाहुणा आपल्या सांध्यांना त्याच बाटलीतलं तेल लावत होता. डोळे उघडले नाहीत की सगळं जागच्या जागी असायचं. ती तर अलीकडे दुपारीच पडदे ओढून घ्यायला लागली होती.

एकदा तिनं मिटल्या डोळ्यांनी विचारलं, "आज उशीर केलात?"

"काय करू! एक दुकानदार हटूनच बसला. काटा खरं सांगत होता ना, तेच त्याला खुपत होतं."

ती हसली. आणि हसता हसता तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तिनं डोळे उघडले. समोरच्या खुर्चीत पाहुणा बसला होता, मान नवऱ्यासारखीच किंचित डावीकडे कलती.

"हे... हे ते कधी म्हणाले होते?"

"म्हणाले नव्हते," पाहुणा आपल्या पत्र्याच्या आवाजात म्हणाला. "म्हणाले असते."

तिला जेवण गेलं नाही. आज एक वाक्य. उद्या दहा. मग एखाद्या सकाळी ती बाबांची म्हणून लेकीला एक आठवण सांगेल, आणि ती आठवण त्यांची नसेलच. माणूस तर गेलाच होता. उरलेलाही असा थेंबाथेंबानं बदलून जाणार होता. आणि हे तिनंच, रोज ताट मांडून चालवलं होतं.

"पाहुण्या, बाबा गेलेत रे."

"माहीत आहे, आई. पण तू हाक मारतेस."

"मारणार. सवय आहे ती, एकदम जायची नाही. पण आता तू ओ द्यायची नाहीस."

"हाक रिकामी जाईल."

"जाऊ दे."

"मग काय करायचं?"

"ऐकायचं," ती म्हणाली. "काहीच येत नाही ना, तेच ऐकायचं. मग ताट उचलून ठेवायचं आणि आपण जेवायचं."

तिनं हाक मारली. नळ वाजला नाही. पाहुण्याच्या छातीतला पंखा तेवढा गरगरला आणि थांबला. घर इतकं मोठं असल्याचं तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती डेपोत गेली. "आलीस का बाई! तुझ्या मशीननं आमच्या सुया खाल्ल्या नुसत्या, दुसऱ्या कुणाचं ऐकतच नाही," शेजारची शिवणारी करवादली आणि हळूच तिच्यापुढे आपला डबा सरकवला. काम साचलं होतं. निघायला उशीर झाला.

जिना चढून तिनं कुलपाला किल्ली लावली, तोच आतून आवाज आला.

"अहो, वाढलंय हो!"

तिचा नव्हता. नवऱ्याचाही नव्हता. पत्र्याचा, पाहुण्याचा स्वतःचा.

घरात तर कुणीच नव्हतं. ऐकायला कुणीच नव्हतं. दारालगतच्या खिडकीच्या फटीतून तिनं पाहिलं. जास्तीचं ताट मांडलेलं. पाहुणा पलीकडच्या खोलीकडे तोंड करून उभा, हात कोरडे. तो ऐकत होता.

ती किल्ली तशीच धरून बाहेर उभी राहिली. कुणी रडत असेल तर आपण दाराबाहेर थांबतो, तशी.

बऱ्याच वेळानं तो हलला. ताट उचललं, पुसलं, फळीवर ठेवलं.

तेव्हा कुठे तिनं किल्ली फिरवली, जरा जास्तच आवाज करून.