जकार्ता दोनदा

लंडन, १९४८. बहुतेकांच्या पायांत बूट नाहीत.

पिवळ्या धाग्याची कांडी संपली.

निपाणीहून, नवऱ्या मुलाकडून फोन : पाहुणे दोन गाड्या भरून येणार.

लग्नाच्या साडीत काळा धागा चालत नाही. मग हरल्याचा रंग कोणता?

१९५० : कोरं.

हरल्याचा जांभळा.

हरल्या-जिंकल्याचं हे सगळं एकाच काठात यायचं होतं. साडी बेळगावातल्या वडगावच्या तम्मण्णांच्या हातमागावर होती आणि त्यांची नात आरोही ती नेसून लग्नाला उभी राहणार होती. आरोही टिळकवाडीतल्या एका शाळेत पीटी शिकवते, मुलींची फुटबॉल टीम सांभाळते. मोर नकोत, कोयऱ्या नकोत, असं तिनं बजावलं होतं. भारताची टीम मोठ्या स्पर्धांत कशी खेळली, तेवढंच हवं. आपला गोल म्हणजे पिवळी बुट्टी, समोरच्याचा जांभळी. सामना संपला की वीतभर साधा काठ.

“हरलेलं कशाला घालतीस गं?” कांड्या भरता भरता तम्मण्णांच्या बायको चंपाबाई म्हणाल्या. “पोरगी सासरला निघालीया, काठावर पराभव घिऊन.”

“हरलेलं गाळलं तर मी साडी नेसणार न्हाय, आज्जी. माझ्या टीमच्या पोरी काठ वाचायला येणार हाईत. सासूबाईंनी शालू घेतलाय, तोच नेसीन.”

शालूचं नाव निघालं की तम्मण्णांचा धोटा थांबायचा. नातीच्या डोक्यावर अक्षता पडताना तिच्या अंगावर आपल्या हातची साडी असावी, एवढंच त्यांना हवं होतं.

“पन्नास साली काय झालं?” त्यांनी विचारलं.

“वर्ल्डकपला जायचं होतं. गेलेच न्हाईत.”

“न खेळलेलं कसं विणू?”

“कोरं सोडा, आप्पा.”

त्यांनी हातभर कोरं सोडलं. मग मान वाकडी करून बघितलं आणि आणखी चार बोटं सोडलं.

मेलबर्न, १९५६. ऑस्ट्रेलियाविरुद्ध चार पिवळ्या, दोन जांभळ्या. पुढे एकच पिवळी, आणि जांभळं वाढत गेलं. चौथा नंबर.

दर रविवारी आरोही येऊन पुढचा सामना सांगायची, आठवडाभर तम्मण्णा तो विणायचे. मागावर विणलेलं कापड पुढच्या रुळावर गुंडाळत जातं. विणकराला दिसतं ते शेवटचं हातभर. मागचं काय, ते त्यानं डोक्यात ठेवायचं.

एका रविवारी ती मुलींना घेऊन हुबळीला गेली होती. त्याआधी तम्मण्णाही पत्रिका वाटत आठवडाभर फिरले होते. मागावर बसले तर समोर साधा काठ.

“आता काय राहिलं?”

“जकार्ता की,” चंपाबाईंनी पिवळी कांडी पुढे केली.

जकार्ता त्यांना सांगावं लागत नव्हतं. बारा वर्षांचे असताना, आशियाई स्पर्धेच्या फायनलला, बापानं माग थांबवून रेडिओचा आवाज वाढवला होता. दोन पिवळ्या, एक जांभळी. हात आपोआप चालले.

दोहा, २०११. तीन सामने, तीन पिवळ्या, तेरा जांभळ्या. जांभळी कांडी पुन्हा भरावी लागली.

लग्नाच्या आठवड्यात साडी मागावरून उतरली. सोप्यात अंथरली. आरोही काठाकाठानं वाचत निघाली. लंडन. कोऱ्यावरून हात फिरवला. दिल्ली, १९५१. मेलबर्न. जकार्ता. वीतभर साधं.

ती थांबली.

“आप्पा, हे काय?”

तम्मण्णांनी चष्मा लावला. काढला. पुसून परत लावला.

“जकार्ता.”

“आणि ह्ये?”

“…ह्ये पण जकार्ताच.”

“कांडी हिनं दिली,” तम्मण्णा म्हणाले.

“विणलं कुणी? मी?” चंपाबाई उसळल्या.

“एकदा तू सांगितलंस म्हणून विणलं, पोरी. आणि एकदा मला आठवलं म्हणून.” ते खाली बसले. “आता उसवायचं न्हाय जमणार. बुट्टीसंगं कापड जाईल. तू शालू नेस.”

आरोहीनं बुट्ट्या परत मोजल्या, जणू आणखी एकदा मोजल्यानं एक सामना कमी होणार होता.

मग चंपाबाईंनी साडी उचलली आणि नातीच्या कमरेला गुंडाळायला लागल्या.

“हुबी ऱ्हा. हालू नको. ह्यो काठ निऱ्यांत येतोय. बघ, अशा निऱ्या घातल्या तर दोन्ही जकार्ता म्होरं, आणि त्ये जांभळं पाठीमागं. कुणाच्या ध्येनात यायचं न्हाय.”

“आणि एक निरी जास्त घेतली तर?”

चंपाबाईंनी घेतली. दुसरं जकार्ता घडीच्या आत गेलं. दोहा फिरून नेमकं पायाच्या बोटांवर आलं, तेराच्या तेरा.

तम्मण्णा बघत राहिले. दोन महिने बसून विणलेलं, आणि त्यातलं सगळ्यांत आवडतं तेच आत.

“अशीच,” आरोही म्हणाली. “जादाचं जिंकलेलं आत. हरलेलं भाइर.”

“शालू?” तम्मण्णांनी विचारलं.

“शालू कशाला आणि? पिना आण गं आज्जी.”

अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली, आणि टीमच्या मुली स्टेजवर चढल्या. एकेक जण आरोहीच्या पायाशी वाकून काठ वाचू लागली. निपाणीची एक म्हातारी मावशी हे बघून नवऱ्या मुलाला, नागराजला म्हणाली, “बेळगावात नवरीच्या पाया पडायची पद्धत हाय व्हय रं?” आणि पदर सावरत तीही रांगेत उभी राहिली.

“टीचर, दोहा एकदम म्होरं!” नीलम खालूनच ओरडली. ती टीमची गोलकीपर. “तेरा गोल खाल्लेत!”

“मोज नीट.”

“मोजले. तेराच हाईत.” मग तिनं निरीची घडी बोटानं थोडी उघडली. आत पिवळं दिसलं. तिनं वर बघितलं. आरोहीनं मान हलवली. नीलमनं घडी परत मिटवली आणि हातानं सारखी केली.

खाली पहिल्या रांगेत तम्मण्णा दुसऱ्यांदा बुंदी मागून घेत होते.

जकार्तातला अंतिम सामना एकदाच झाला : ४ सप्टेंबर १९६२, भारत दोन, दक्षिण कोरिया एक.