आधी चिंधीवर

आमच्या धंद्याचा एकच नियम आहे. रंग कितीही ओळखीचा असो, आधी चिंधीवर, मग कापडावर. आम्ही नवरा-बायको विटलेले पडदे, चादरी, शर्ट पुन्हा रंगवून देतो, आणि हा नियम आम्ही कधी मोडला नाही. त्या दिवशीही मोडला नव्हता. आमची चिंधीच चुकीची निघाली.

झालं असं, की पाळी गेली आणि माझं अंग कोरडं पडलं. जवळ येणं दुखायला लागलं. मी दात-ओठ आवळून गप्प राहायचे, पण आमच्या ह्यांना कापडाचा एक धागा ताणलेला दिसतो, बायकोचा चेहरा दिसणार नाही होय? एका रात्री ह्यांनी उशी उचलली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन झोपले. म्हणे, गादीने पाठ धरते. त्याच गादीवर आमचा संसार झाला, तेव्हा कुठे गेली होती पाठ? आपण हिला त्रास देतो, हे त्या माणसाच्या मनाने घेतलं होतं आणि तोंडाने बोलवत नव्हतं. मला मात्र ती रिकामी जागा बघवत नव्हती. मला माझा नवरा परत हवा होता. त्यात लाजण्यासारखं काय आहे, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

म्हणून मी औषधाच्या दुकानात गेले. यंत्राला वंगण लागतं तसं माणसालाही लागतं, आणि ते नळीत मिळतं, हे मला ठाऊक होतं. दुकानातली औषधवाली इतकी कुजबुजत होती की मलाच चोरी केल्यासारखं वाटलं. तिने पुढे केलेल्या नळ्यांपैकी एकीवर 'ऊब देणारं' लिहिलं होतं. ऊब! मला तेच तर हवं होतं. मी ती उचलली, तिने दोनदा कागदात गुंडाळली आणि मी पळतच घरी आले.

घरी नियमाप्रमाणे थेंबभर तळहातावर चोळलं. काही नाही. ह्यांच्या तळहातावर चोळलं. काहीच नाही.

"पाणीच भरून विकतात," हे म्हणाले.

मग काय, आम्ही सढळ हाताने वापरलं. उकळत्या पातेल्यातून ओलं कापड उघड्या हाताने उचलणारी आम्ही माणसं. आमच्या तळव्यांना ऊब कळणार? माझ्या अंगाला मात्र कळली. पोटाखाली भट्टी पेटली म्हणा ना! मी न्हाणीघरात धावले आणि गार पाण्याने धूत बसले. दाराबाहेर हे उभे. "फार होतंय का? डॉक्टरकडे जायचं का?" आवाज रडवेला. थोड्या वेळाने आग थांबली, मला हसूही आलं. ह्यांना आलं नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. आमच्या ह्यांनी ताकाचं भांडंच घराबाहेर नेऊन ठेवलं. उशीच्या मागोमाग पांघरूणही गेलं.

"नको आता हे नाद. वय झालं आपलं," म्हणाले.

वय! माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्याच सकाळी ती नळी घेऊन मी पुन्हा दुकानात निघाले. नणंदबाई खालच्याच मजल्यावर राहतात, ह्यांच्याहून मोठ्या. त्यांना खोकल्याचं औषध हवं होतं, त्याही सोबत आल्या. दुकानात गर्दी होती. वन्संनी खणखणीत आवाजात खोकल्याचं औषध मागितलं. मीही तितक्याच खणखणीत आवाजात म्हटलं, "नवऱ्याजवळ जाताना लावायचं हे जेल झोंबलं मला. न झोंबणारं द्या."

"अहो, हळू बोला," औषधवाली.

"का बरं? खोकला मोठ्याने सांगितलेला चालतो ना?"

वन्संनी माझा दंड धरला. "म्हातारचळ लागलाय का तुला? झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"वन्सं, ही मूठ मी कधीची झाकून बसलेय. उघडून बघितली, तर आत काही नव्हतं."

रांगेतला एक गृहस्थ छताकडे बघायला लागला. औषधवाली मात्र हसली, आणि हसल्यावर तिचा आवाज माणसासारखा झाला.

"आधी लावून बघितलं होतं का?"

"तळहातावर."

तिने माझा हात उलटा केला. निळी नखं, चामड्यासारखा तळवा. "या हातावर निखारा ठेवला तरी कळायचा नाही तुम्हाला. कोपराच्या आतल्या बाजूला लावायचं आणि थांबायचं. पाळी गेल्यावर आतली कातडी नाजूक होते, म्हणून आधी हे साधं, पाण्यातलं वापरा. ऊब हवीच असेल तर ही दुसरी, सौम्य आहे. पण कोपराला झोंबली नाही तरच, आणि तीही थेंबभर. आत जराही चुरचुरलं तर धुऊन टाका. तरीही दुखलं तर डॉक्टरांना दाखवा, त्यावर औषध असतं."

मी दोन्ही घेतल्या. ती कागद काढायला लागली.

"कागद नको," मी म्हटलं.

दोन्ही नळ्या हातात धरून मी भर रस्त्याने घरी आले. वन्सं अंतर राखून मागे. दाराशी मात्र त्यांनी मला गाठलं आणि माझ्याआधी आत शिरल्या. हे पातेल्यात पडदा ढवळत होते.

"विचार हिला, चारचौघांत काय मागून आली ते!"

ह्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि कानापर्यंत लाल झाले. थोरल्या बहिणीपुढे या माणसाने कधी मान वर केलेली नाही. आता मी गप्प बसले असते, तर ती उशी जन्मभर बाहेरच राहिली असती.

"मला दुखतं म्हणून तुम्ही उशी उचललीत," मी वन्संसमोरच म्हटलं. "पण तुम्ही गेल्यापासून जे दुखतंय, त्याची नळी मिळत नाही. मला तुम्ही हवे आहात. वय झालं असेल तर होऊ दे."

पातेलं रटरटायला लागलं होतं.

"रंग उतू जाईल," वन्सं ह्यांना म्हणाल्या आणि खोकत खोकत जिना उतरल्या.

ह्यांनी आच कमी केली. "आता तळहातावर नाही, कोपराच्या आत लावून बघायचं," मी म्हटलं. हात पुसले, दोन्ही तळवे उलटसुलट करून बघितले. मग शर्टाची बाही दुमडायला लागले, मनगट, मग कोपर, मग त्याच्याही वर. तिथे रंग कधी पोचला नव्हता. आतली कातडी गोरी होती, लहान मुलासारखी. तो हात ह्यांनी माझ्यापुढे धरला.

"आधी चिंधीवर," म्हणाले. "मग तुझा कोपर."

मी सौम्य नळीतला थेंब लावला. आता थांबायचं होतं. पण हे उठले, आणि तो हात तसाच वर धरून बाहेरच्या खोलीतून उशी घेऊन आले.