पिल्लाची लघवी धरणारा डाव

मी डाव बोलतोय. रस्सा वाढायचा, लांब दांड्याचा, स्टीलचा डाव. हसू नका, पण हल्ली मी लघवी धरतो. माणसाची नाही हो, कुत्र्याच्या पिल्लाची!

कारखान्यात पत्र्यातून ठोकून मला घडवलं आणि दुकानातून मी एका बहीण-भावाच्या घरी आलो. ताई शिवणकाम करते, दादा निवृत्त ड्रायव्हर. अन्नाचा कण वाया गेला की दादाचं डोकं फिरतं. वाढून झालं की तो मला घोटभर पाण्यात विसळायचा आणि ते पाणी परत पातेल्यात ओतायचा. ताई ओरडायची, "अरे, चव जाते!"

"चव जाऊ दे, अन्न जायला नको," दादा म्हणायचा.

त्यांचा म्हातारा कुत्रा मूत्रपिंडं निकामी होऊन गेला, तेव्हा दादाने जेवणच टाकलं होतं. मग ताईने चार महिन्यांचं पिल्लू आणलं, गुंड्या. गुंड्या घटाघटा पाणी प्यायचा आणि घरभर मुतायचा. दादा हादरलाच. "याचंही तेच निघालं तर परत देऊन ये. पुन्हा खड्डा खणायचं बळ नाही माझ्यात," असं म्हणून तो पिल्लाला हातही लावेना.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी गुंड्याचं रक्त तपासलं, ते ठीक निघालं. "पण मूत्रपिंडाचं दुखणं बरेचदा आधी लघवीत कळतं," त्या म्हणाल्या. "तान्ह्या पिल्लांची लघवी पातळच असते. या वयात मात्र दाट व्हायला हवी. सकाळची पहिली आणा."

आता पिल्लू बसतं जमिनीला टेकून, खाली बाटली जायची कशी? म्हणून माझी नेमणूक झाली. दादा मला पुढे धरून, कमरेत वाकून गुंड्याच्या मागे अंगणभर फिरला. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय हो, कुत्र्याला वाढताय की त्याच्याकडून वाढून घेताय?"

मिळाली जेमतेम चमचाभर. तपासली तर पाण्यासारखी पातळ. दुसऱ्यांदा नेली, तरी तेच. ताईला तिथेच रडू फुटलं.

"धरता कशी तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"डावात. मग बाटलीत. डावाला थोडी चिकटून राहते ना, म्हणून पाण्याने विसळून तेही ओततो. वाया कशाला घालवायची?"

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो दादा, लघवी मागितली होती मी. तुम्ही तिचा रस्सा करून आणलात!"

दुसऱ्या दिवशी मला खडखडीत कोरडं पुसून गुंड्यामागे नेलं आणि मिळाली तेवढीच, न विसळता, बाटलीत ओतली. दवाखान्यात थेंब काचेवर पडला, डॉक्टरीणबाईंनी दाटपणा मोजायच्या नळीला डोळा लावला. "छान दाट आहे. खाणं कोरडं, म्हणून पाणी जास्त पितो. मूत्रपिंडं उत्तम."

दादाने पहिल्यांदाच गुंड्याला उचलून मांडीवर घेतलं. गुंड्याने तिथेच पँट भिजवली. ताई फडकं शोधायला धावली. दादा जागचा हलला नाही, त्याचे डोळे वाहत होते. "राहू दे गं. मूत्रपिंडं चालताहेत त्याची, चालू दे."

आता स्वयंपाकघरात नवा डाव आलाय आणि मी मागच्या दाराशी खिळ्याला असतो. तुमच्याकडे लहान पिल्लू असेल, तर एक जुना डाव वेगळा काढा. धुवा, पुसून कोरडा करा. आणि काटकसर करायचीच असेल, तर ती कृपा करून रश्श्यात करा.