खेकड्याचं बीळ

दुलीचंदचं हे वागणं दुर्पताबाईला मुळीच पटत नव्हतं. पोटचा पोरगा झाला म्हणून काय झालं! आपण अंगणात खाटेवर तंबाखूचा खर्रा घोटत बसायचं आणि आठ वर्षांच्या लेकीला, दिव्याला, एकटीला बांधीवर, धानाच्या वाफ्यावर पिटाळायचं.

"काऊन रे दुल्या, तुह्या पायाले मेंदी लागली का?"

"शिकून राहिली ना माय ते. शेतकऱ्याची पोट्टी हाये." तो हसायचा.

त्या साली आषाढ कोरडाच चालला होता. सौंदडकडचं सारं शिवार भेगाळलेलं. तलावाचं पाणी पाटानं आधी पुष्पाबाईच्या बांधीत यायचं, मग खाली यांच्यात. पुष्पाबाई एकटी बाई, दिवसभर मोटारपंपवाल्यांच्या रोवण्यावर मजुरीला. संध्याकाळी येऊन बघावं तर तिची बांधी आटलेली, खालची भरलेली. खेकड्यांनी पारी, म्हणजे मधला बांध, पोखरली म्हणून ती बिचारी रोज चिखल थापायची. तरी तिचे पऱ्हे, रोवायची कोवळी रोपं, करपली ती करपलीच.

मग एका सकाळी ती दारात उभी राहिली. हातात टोकदार काडी, टोकाला ओला चिखल.

"दुर्पताबाई, खेकडा काडी धरून बीळ पाडते का वो? अन् त्याचे पाय पोरीवानी उमटते का?"

शेजारपाजार जमला. दुर्पताबाई पदर खोचून अंगणात उतरली.

"तोंड सांभार, पुष्पा! या घरची पोट्टी उपाशी राहीन, पन खोटं बोलनार नाई. दिव्या, ये इकडं. सांग साऱ्यायले."

दिव्यानं आधी बापाकडं पाहिलं. बापानं नुसती पापणी हलवली. मग पोरगी ठणठणीत आवाजात म्हणाली, "मी नाई केलं. खेकडा असन."

न अडखळता, मान वर करून. चोरी करून रडणारी लेकरं म्हातारीनं पुष्कळ पाहिली होती. ही रडली नाही. म्हातारीनं काय ते ओळखलं.

माणसं पांगल्यावर तिनं पोरीला आत घेतलं. "बीळ इतकं गोल कसं पाडलं व?"

"काडी फिरवाची. मंग मातीचे गोटे बाहीर ठेवाचे, खेकडा ठेवते तसे. बाबानं शिकवलं." दिव्या खुलून सांगत होती. "लहान पोरीवर कोनी शक घेत नाई म्हने."

 म्हातारी उठली, बांधीवर गेली आणि आपले हिरवेगार पऱ्हे उपटून पेंढ्या बांधू लागली. डोक्यावर वाहून तिनं त्या पुष्पाबाईच्या पारीवर टाकल्या आणि शेजारच्या बांधीत रोवणाऱ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माह्याच पोट्टीनं केलं, पुष्पा. मी खोटी पडली."

पुष्पाबाई चिखल थापत होती, तिनं मान वर केली नाही. "ठेव तठी," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी दुलीचंद चुलीपुढं येऊन कडाडला, "आपली अर्धी बांधी उघडी पाडली तुवा! औंदा खावाचं काय, माय?"

म्हातारीनं त्याच्याकडं बघितलंच नाही. भाताचं ताट दिव्यापुढं सरकवलं. "भूक लागली का व?"

पोरीनं तोंड उघडलं, मिटलं, आणि बापाकडं पाहिलं.

दुर्पताबाईनं पळी खाली ठेवली.

"पाह्य दुल्या. भूक लागली का म्हनून इचारलं, तरी तुह्या तोंडाकडं पाहून राहिली. बांधी मी पुढच्या साली रोवीन. पन हे पोट्टी तुवा आतून पोखरली. उद्या तुलेच खोटं सांगन, डोऱ्यात डोरे घालून. तवा माह्यापाशी रडत येऊ नोको."